ज्याने बेलभंडार उचलला नाही

रविवार, १४ नोव्हेंबर १९२६
शुक्रवार पेठ, सोलापूर

सुट्टीचा दिवस सभेत गेला. निंगप्पांच्या कापडदुकानामागच्या सोप्यात पेठेतले वीस-बावीस जण जमले होते. बहुतेक दुकानदार, आणि सगळे आमच्याच लिंगायत समाजाचे. विषय तात्याबाच्या टोळीचा. दिवाळीत टोळीतल्या दोघांनी भांड्यांच्या दुकानात शिरून म्हाताऱ्या मालकाचा हात मनगटात मोडला. सुनेकडे बघून शीळ घालणाऱ्याला त्याने पायरीवरून उतरवले होते, एवढेच कारण. फौजदाराकडे दोनदा जाऊन झाले. ते म्हणतात, साक्षीदार आणा. ज्याचा हात मोडला तोच आता 'पाय घसरला' म्हणून सांगतो.

तालमीचे वस्ताद ईरप्पा म्हणाले, "साक्ष-बिक्ष कशाला पायजे? धा गडी हायत माजे. एकेकाला उचलतो आन् पेठंभाईर टाकतो. चार हाडं कमी करून." लोक हसले, टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर बरे वाटले, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

मग मी उठलो. म्हणालो, कुणाला विचारल्याशिवाय हात लावला तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

निंगप्पा म्हणाले, "मग विचारायचं कसं ते मास्तरांनीच सांगावं. पेठेत बी. ए. एकच आहे."

मी बेलभंडाराची रीत सांगितली. पूर्वी वचन देताना, तंटा तोडताना बेलाचे पान आणि खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेत. वर्गात दरवर्षी शिकवतो, त्यामुळे बोलायला अडखळलो नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलवावे आणि ताटात बेलभंडार पुढे ठेवावा. टोळीच्या कामात माझा हात नाही आणि पुढेही नसेल, असे म्हणून त्याने तो उचलला तर सोडावे. उचलला नाही तर त्याच दिवशी त्याने शहर सोडावे. साक्षीपुरावे, उलटतपासणी हे आपले काम नव्हे. ही माणसे कोर्टात खोटे बोलतील, भंडाऱ्यावर हात ठेवून बोलणार नाहीत.

ठराव एकमताने मंजूर झाला. 'पेठ संरक्षक मंडळ' असे नाव ठरले, निंगप्पा अध्यक्ष, मी चिटणीस. दर रविवारचा निकाल दुकानाच्या ओट्यावरून मोठ्याने वाचायचा, म्हणजे लपूनछपून काही नाही. हेही मीच सुचवले.

सोमवार, १५ नोव्हेंबर

सावित्रम्मेला सगळे सांगितले. ती म्हणाली, "वर्गात चुकून भलत्याला छडी बसली तर तुम्ही त्या दिवशी जेवत नाही. तुम्हांला हा उद्योग झेपायचा का?"

म्हणालो, म्हणूनच मी तिथे असलेला बरा.

"होग्री!" म्हणाली, म्हणजे 'जा हो!' ती अक्कलकोटची, वाद संपवायचा असला की कानडीत जाते.

रविवार, २१ नोव्हेंबर

शपथेचा पहिला दिवस. जवळच्या बाळे गावच्या खंडोबाहून भंडारा आणवला होता, बेल आमच्याच परड्यातला. ईरप्पाच्या गड्यांनी तात्याबाला आणले. आणले म्हणजे तो स्वतःच चालत आला, विडा चघळत. ताट पुढे करताच त्याने दोन्ही हातांनी बेलभंडार उचलला, कपाळाला लावला आणि माझे शब्द खणखणीत म्हटले. वर म्हणाला, "मास्तर, अजून कशावर हात ठिऊ सांगा. गाय हाय का हितं?" त्याला सोडले. नियम म्हणजे नियम.

त्याचा साथीदार हरिबा मात्र ताटाजवळ येऊन थांबला. भांडीवाल्याचा हात मोडणाऱ्यांत हा होता. म्हणाला, "खोटी शप्पत घिऊन देव अंगावर घिऊ का? न्हाय उचलत." पुढे त्याला काही सांगायचे होते, पण होय किंवा नाही एवढाच प्रश्न आहे म्हणून मी बोलू दिले नाही. 'नकार' असे लिहिले आणि ओट्यावर जाऊन वाचले. रस्त्यात शंभर माणूस असेल.

नातेपुत्याला बहीण असते, तिकडे जातो म्हणाला. ईरप्पाचे गडी त्याला नाक्यापर्यंत पोचवायला गेले.

घरी आल्यावर एक गोष्ट खटकली. ज्याने उचलला तो सगळ्यांच्या मते दोषी, आणि ज्याने उचलला नाही तो त्या एका क्षणी तरी खरे बोलला. पण एका दिवसावरून रीत वाईट ठरवता येत नाही. नातेपुत्याच्या शाळेत माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. हरिबा पोचला का, म्हणून त्याला कार्ड टाकले आहे.

बुधवार, २४ नोव्हेंबर

आज दिवेलागणीला तेलवाल्या शिवयोगींना दुकानात शिरून कुणीतरी सुरी मारली. खांद्यावर निभावले. मारणारे दोघे होते, तोंडे बांधलेली. एकाच्या अंगावरची काळी घोंगडी ओढाताणीत तिथेच राहिली. काठाची वीण पाहून लोक म्हणाले, ही धुळाप्पा धनगराची. तो पेठेच्या तोंडाशी घोंगड्या विकायला बसतो.

घोंगडी कुणीही विकत घेतो, असे माझ्या मनात आले. बोललो नाही. शपथेत काय ते दिसेलच, असे वाटले.

शनिवार, २७ नोव्हेंबर

नातेपुत्याचे कार्ड आले. हरिबाची बहीण सापडली, हरिबा पोचलेला नाही. वाटेत कुठे कामाला लागला असेल. बार्शीकडेही गेला असेल.

रविवार, २८ नोव्हेंबर

आज धुळाप्पाला आणले. वय पस्तिशीचे, उंच, सावळा. डोक्याला पंचा गुंडाळलेला. ईरप्पाने तो ओढून काढला. डोके गुळगुळीत भादरलेले, मिशीही नाही.

निंगप्पा म्हणाले, "कुठल्या जेलात भादरलं रे?"

सोपा हसला. धुळाप्पा म्हणाला, "जेलात कशाला, अण्णा? डोस्कं बगा की माजं. तुमास्नी दिसत न्हाय व्हय?"

"दिसतंय की. चकाकतंय." पुन्हा हशा.

मी शपथेचे शब्द वाचले आणि ताट पुढे केले. तो दोन पावले मागे सरला आणि हात पाठीमागे नेले.

"मास्तर, मला आज भंडारा शिवता येत न्हाय."

"उचलणार की नाही, एवढेच सांगायचे."

"उचलतो की. का न उचलू? आमचा देव हाय त्यो. पन आज न्हाय. बारा-तेरा दिस हू द्या, मग म्हनशीला तवा उचलतो. मी मंद्रूपला हुतो, तितं—"

मी त्याला थांबवले. मागच्या रविवारी हरिबाला बोलू दिले नव्हते. नियम सर्वांना सारखा. मी पुन्हा विचारले, "होय की नाही?"

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. एवढ्या शिकलेल्या माणसाला इतकेही कळू नये, असे काहीतरी त्या बघण्यात होते. मला तो उद्धटपणा वाटला.

"आज न्हाय," तो म्हणाला.

तुरुंगातून सुटलेला, डोके झाकून आलेला, तारीख मागणारा. मी 'नकार' लिहिले. ईरप्पाचे गडी त्याला मागच्या दाराने घेऊन गेले. जाताना तो काहीतरी ओरडत होता. मी तेव्हा ओट्यावर निकाल वाचत होतो, त्यामुळे शब्द लागले नाहीत.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

पेठ शांत. भांडीवाल्याची सून पुन्हा दुकानात बसू लागली आहे. हे मंडळामुळे झाले हे नाकारता येणार नाही.

ईरप्पा रस्त्यात भेटले. उजव्या हाताला पट्टी होती. तालमीत लागले म्हणाले. बरोबर तात्याबा होता, हातात मंडळाने नुकत्याच सुरू केलेल्या गस्तीची काठी. मी बघतोय हे पाहून ईरप्पा म्हणाले, "शप्पत घेतली न्हवं त्यानं? मग आपलाच झाला की." शपथेचा असाही उपयोग होतो म्हणायचे.

बुधवार, १ डिसेंबर

शाळेतून आलो तो दारात एक धनगराची बाई बसली होती. म्हाळसाबाई, धुळाप्पाची बायको. चार दिवस झाले, नवरा मंद्रूपला परत आला नाही. तुम्ही कागद वाचला म्हणून तुमच्याकडे आले, म्हणाली.

सावित्रम्मेने तिला पाण्याचा तांब्या दिला. ती हात आखडून म्हणाली, "वरनं वता बाई, वंजळीत. भांड्याला शिवत न्हाय. सुतक हाय आमास्नी."

"कोण गेलं?" सावित्रम्मेने विचारले.

"सासू. मंगळवारी पाटंला गेली, आठ दिस झाले. मालकांनीच पानी पाजलं, मालकांनीच आग दिली. डोस्कं केलं, मिशी काडली. शनवारी हितं आलते, तेराव्याचा सांगावा घिऊन. चुलत सासरा ऱ्हातो हितं."

मी हिशेब केला. मंगळवार म्हणजे तेवीस तारीख. चोविसाला शिवयोगींना सुरी लागली त्या संध्याकाळी धुळाप्पा मंद्रूपला आईच्या सुतकात बसलेला असेल.

सावित्रम्मा म्हणाली, "आपल्यात सुतक पाळत नाहीत, म्हणून तुम्हांला सुचलं नाही." तिने हे समजूत घालण्यासाठी म्हटले की कसे, ते कळले नाही.

लिंगधारी माणसाला सुतक नाही, जन्माचे नाही आणि मरणाचेही नाही. आपल्या पूर्वजांनी हे केव्हाच सोडून दिले, असे मी वर्गात अभिमानाने सांगतो. पण दुसरे पाळतात हे मला माहीत नाही, असे कसे म्हणू? शाळेत कुणी सहकारी डोके करून आला की मी त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलतो. परवा त्या सोप्यात तेच डोके पाहून मला तुरुंग दिसला. सुतकात भंडाऱ्याला शिवणे त्याच्या लेखी पाप होते. त्याने देव राखला, आणि मी त्याला देवाला न भिणारा ठरवला.

तो सांगत होता. मी त्याला थांबवले. याला रीत जबाबदार नाही, मी आहे.

म्हाळसाबाईला सांगितले, उद्या शोध घेतो.

गुरुवार, २ डिसेंबर

तालमीत जाऊन ईरप्पांना विचारले, धुळाप्पाला कुठे सोडले?

"नाक्याच्या म्होरं. गेला की चालत."

"कोणत्या वाटेने?"

"मास्तर, वाट आमी लिवून ठेवत न्हाय. लिवायचं काम तुमचं." आखाड्यातले गडी हसले.

अर्ध्या दिवसाची रजा काढून टांगा केला आणि म्हाळसाबाईला, तिच्या दिराला घेऊन मंद्रूपच्या वाटेने गेलो. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, रविवारी पाच-सहा जण गेले आणि पाच-सहाच परत आले, मोजले नाहीत. वाटेवरच्या दोन वस्त्यांवर विचारले. कुणी पाहिले नव्हते. दीर सारखा खाली उतरून झुडपांत हाका मारत होता. म्हाळसाबाई टांग्यातून उतरली नाही. एकदाच म्हणाली, "चालनारा मानूस त्यो, बसून ऱ्हानारा न्हवं. आला असता."

दिवस मावळायच्या आत परतलो.

शुक्रवार, ३ डिसेंबर

सापडला. वाटेपासून आत एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिच्यात. मेंढरे चारणाऱ्यांनी पाहिला. निरोप आला तेव्हा मी सहावीच्या वर्गात होतो. मुलांना उतारा लिहायला दिला आणि खिडकीशी उभा राहिलो. तास संपल्याची घंटा झाली ते कळले नाही.

पंचनाम्यात 'दारूच्या अंमलात खाणीत पडून' असे आले आहे. सुतकातला माणूस, आईचा तेरावा व्हायचा आहे, आणि दारू पिऊन खाणीत. तिच्या दिराने हे फौजदारांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "टोळीतला होता ना? मंडळाने तसा निकाल वाचलाय."

माझे वाचणे आता पुरावा झाले आहे.

शनिवार, ४ डिसेंबर

राजीनामा लिहून निंगप्पांकडे गेलो. त्यांनी वाचला, घडी घालून परत माझ्याच हातात दिला. आतून कॉफी मागवली. माणूस वाईट नाही. भांडीवाल्याच्या औषधपाण्याचे तेच बघतात.

मी म्हणालो, धुळाप्पाला मारले आहे. माझ्या शब्दावरून मारले आहे.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मीही नाही. मी ईरप्पाला सांगितलं होतं, शहराबाहेर घाल. त्यानं काय ऐकलं, देव जाणे."

"आणि हरिबा? तो नातेपुत्याला पोचला नाही."

"तुम्ही इतिहासाचे मास्तर. भूगोलात कशाला शिरता?" हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही गेलात तर मंडळ बंद पडणार नाही. पेठेला ते हवं आहे. तुम्ही गेलात तर उरलं कोण? ईरप्पा आणि काठ्या. विचारणारा तुमच्याशिवाय आहे कोण?"

मी कॉफी संपवली. फौजदारांकडे जावे तर सांगायचे काय? ईरप्पाने मारले हे मी पाहिलेले नाही. मी पाहिले ते एवढेच, की मी 'नकार' लिहिले.

राजीनामा कोटाच्या खिशात आहे.

रविवार, ५ डिसेंबर

सभेत मी दोन ठराव मांडले.

पहिला: शपथ देण्यापूर्वी समोरच्या माणसाला सुतक आहे काय, हे विचारावे. असल्यास ते फिटल्यानंतरची तारीख द्यावी. एकमताने मंजूर. ईरप्पांनीही हात वर केला, डावा.

दुसरा: धुळाप्पाने भंडारा उचलला नाही तो सुतकामुळे, तो निर्दोष होता, हे मंडळाने ओट्यावरून जाहीर करावे. यावर बराच वेळ गेला. जाहीर केले तर लोक विचारतील, मग तो मेला कसा? शिवयोगी गळ्यात बांधलेली हाताची झोळी सावरत म्हणाले, "मला सुरी लागली ती काय हवेतनं?" शेवटी निंगप्पांनी तोड काढली. मंडळाच्या वहीत नोंद करावी, वाचू मात्र नये. मंजूर.

नोंद मी माझ्या हाताने, स्वच्छ अक्षरात केली.

सावित्रम्मेला सांगितले. ती म्हणाली, "मग आता सगळं नीट झालं म्हणा."

"निदान ही चूक पुन्हा होणार नाही."

ती माझे ताट उचलून आत गेली. मी अजून जेवत होतो.

रविवार, १२ डिसेंबर

दोघांनी भंडारा उचलला. तिसऱ्या माणसाला चुलत्याचे सुतक निघाले. त्याला सव्वीस तारीख दिली. मी विचारले नसते तर आज त्याचे काय झाले असते? नव्या नियमाने एक माणूस वाचला, हे समाधानाने लिहितो. समाधान हा शब्द मोठा आहे. पण खोडत नाही.

शनिवार, १८ डिसेंबर

म्हाळसाबाई आली होती. बुधवारी तेरावा झाला. कपाळ मोकळे. या खेपेस ती तांब्या हातात घेऊन पाणी प्यायली.

तिचे म्हणणे असे. काल ती पेठेच्या तोंडाशी नेहमीच्या जागी घोंगड्या घेऊन बसली. गस्तीच्या माणसांनी उठवले. "त्यो तात्याबा हुता काटी घिऊन. म्हनला, टोळीवाल्याची बायको हितं बसायची न्हाय. मास्तर, त्यो म्हनला! त्याच्या पंगतीला आमचं मालक कदी बसलं हुतं, इचारा की त्याला." तिच्या दिरालाही हाकलले आहे. धनगर दिसला की विचारतात, धुळाप्पाचा कोण?

"मला तुमच्याकडनं काय नगो," ती म्हणाली. "त्यो काय परत यायचा न्हाय. जितं कागद वाचला तितंच वाचा, का ह्यो मानूस चोर न्हवता. येवडंच. मग मी माजी बसते."

"वहीत तसं लिहिलं आहे, बाई. मीच लिहिलं."

"लिवलं?"

"हो."

"मला काय वाचता येतंय? पेठंला तरी कुटं म्हाईत हाय?" मग म्हणाली, "लिवलंय तर वाचायला काय हुतंय?"

उद्या ओट्यापाशी ये, म्हणून सांगितले. वाचू नये असा ठराव आहे. ठराव सभेत बदलून घ्यायला हवा होता, त्यासाठी सात दिवस आधी सूचना लागते. ही अट मीच घातली आहे.

रविवार, १९ डिसेंबर

सभेच्या आधीच गेलो. म्हाळसाबाई ओट्याखाली उभी होती, पाठीवर घोंगड्यांचा गठ्ठा. रस्त्यात वर्दळ होती, पण कुणी थांबलेले नव्हते. निकालाची वेळ झाली नव्हती ना. दाराच्या आत निंगप्पा कुणाशी बोलत होते. मी ओट्यावर चढलो, वही उघडली आणि पाच तारखेची नोंद वाचली.

ती म्हणाली, "मोट्यानं, मास्तर. त्या दिशी चौकापातूर ऐकू गेलतं म्हनत्यात."

मी पुन्हा वाचले. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्यासाठी कष्ट पडत नाहीत. आज तो म्हाळसाबाईपर्यंत गेला, त्यापुढे गेला असे म्हणता येत नाही. शेजारच्या दुकानातल्या एकाने मान वर करून पाहिले, एवढेच.

आतून निंगप्पा म्हणाले, "मास्तर, खोळंबा होतोय."

मी वही मिटली. ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग बसू का मी हितं?"

मी म्हणालो, "मंडळाला विचारून सांगतो."

तिने पाठीवरचा गठ्ठा सावरला. मी आत गेलो.

आज एकच माणूस होता, तेलंगी विणकर. त्याला आधी सुतकाचे विचारले. नाही म्हणाला. मग पुढचे विचारले. त्याने उचलला. नंतर गस्तीच्या पाळ्यांचा विषय निघाला आणि लांबला. म्हाळसाबाईचा विषय पत्रिकेवर नव्हता. शेवटी काढीन असे मी ठरवले होते. शेवट आला तेव्हा लोक उठू लागले होते.

वही काखेत मारून मी दारात आलो. म्हाळसाबाई गेली नव्हती. पेठेच्या तोंडाशीही गेली नव्हती. ओट्याच्या पायरीलगत, रस्त्यावर, तिने गठ्ठा सोडून घोंगड्या पसरल्या होत्या आणि त्यांच्यामागे बसली होती. एक बाई वाकून काठ चाचपत होती. "लई ऊबदार हाय, बगा की अंगावर घिऊन," म्हाळसाबाई तिला सांगत होती. मोठ्याने. समोरच्या दुकानातही ऐकू जात असेल.

माझ्यामागे ईरप्पा होते. त्यांना माझ्या खांद्यावरून ते दिसले. म्हणाले, "मास्तर, वाट सोडा."

मी ऐकले. दार अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जातो. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभा होतो. हात कधी लावले ते आठवत नाही. वही खाली पडली होती.

"मास्तर, सरका की. काय झालं?"

वाट अडवण्याचा कुठला नियम मला माहीत नव्हता, त्यामुळे सांगण्यासारखे काही नव्हते. पाठीवर त्यांचा हात आला, जड नव्हता अजून. आतून निंगप्पा विचारत होते, कोण थांबलंय, पुढं व्हा. बाहेर त्या बाईने घोंगडी अंगावर घेऊन पाहिली, काढली आणि दुसरी मागितली.

मी सरकलो नाही.